‘गो’चं गोत्र

हुबळीत ठरलेली लग्नं मोडायला कारणांचा तोटा कधीच नव्हता. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मोडली, मुलीचा रंग उजेडात वेगळा दिसला म्हणून मोडली, मुलाच्या मामाच्या पानात चटणी वाढायची राहिली म्हणूनसुद्धा मोडली. पण इंग्रजीतल्या एवढ्याशा क्रियापदाचं मूळ कुठलं, यावरून लग्न मोडायची पाळी आली ती एकट्या विमला हंपीहोळीवर. आणि गंमत म्हणजे विमलाला इंग्रजी फारसं आवडतही नव्हतं. तिचा विषय इतिहास.

इंग्रजीचं वेड तिच्या वडिलांना. वादिराज मास्तर लॅमिंग्टन रोडजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. माणूस सरळ, पान-तंबाखूचं व्यसन नाही, पण ‘गो’ या क्रियापदाने पुरता झपाटलेला. दसरा झाला की वर्गात ‘गो’ सुरू व्हायचा तो संक्रांतीचा तिळगूळ तोंडात पडेपर्यंत चालायचा. घड्याळ चालतं तेही ‘गो’, दूध नासतं तेही ‘गो’, माणसाला वेड लागतं तेही ‘गो’, आणि हातातला दोर सोड म्हणायचं तरी साहेबाला ‘गो’च लागतो, हे ते पोरांना घोळून घोळून सांगायचे. छप्पन्नच्या नोव्हेंबरात हुबळी-धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात दाखल झालं, तेव्हा मास्तर वर्गात म्हणाले, “बघा रे, कुणी जागचं हललं नाही, तरी आपण सगळे गेलो! लिहून घ्या, हा नवा अर्थ.” अख्खी शाळा त्यांना पाठीमागे ‘गोमास्तर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

‘गो’च्या जन्माची कथा तर त्यांची हुकमी. “हा ‘गो’ म्हणजे आपलाच गम् धातू बरं का. गच्छति, म्हणजे जातो. साहेबाने त्याला बोटीत घालून विलायतेला नेला, वाटेत वारं सुटलं आणि बिचाऱ्याचा ‘म’ समुद्रात पडला!” यावर दरवर्षी वर्ग हसायचा, आणि दरवर्षी मास्तरसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

विमलाने ही कथा जेवताना, दळताना, ताप आलेला असताना ऐकलेली. तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरंच काही होतं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, रोज बसने धारवाडच्या कॉलेजात जायची, आणि तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नारायण गलगली नावाचा एक डेमॉन्स्ट्रेटर होता. त्याच्या प्रत्येक शर्टाला ॲसिडची भोकं होती. हुबळीला काही कामाने यायचा तेव्हा बसमध्ये उठून म्हाताऱ्यांना जागा द्यायचा आणि मग दांड्याला डोकं आपटून घ्यायचा. विमलाला तो आवडायचा, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? म्हणून स्थळ सांगून आलं आणि ते नेमकं गलगली वकिलांच्या नारायणाचं निघालं, तेव्हा तिने कुणाला न कळता देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

माघातल्या एका रविवारी धारवाडहून मंडळी आली. गुरुराज वकील, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आणि नारायण. त्या दिवशी त्याचा शर्ट धड होता, त्यामुळे विमलाने त्याला क्षणभर ओळखलंच नाही. शिरा झाला, उप्पीट झालं. पत्रिका जुळत होती, मुलगी पसंत होती. मुलालाही विचारलं. तो “हो” असं इतक्या मोठ्यांदा म्हणाला की शेजारच्या अंबूताईंनी खिडकीतून डोकं काढलं. वैशाखात मुहूर्त धरायचा, इथपर्यंत बोलणं आलं. विमलाची अव्वा, म्हणजे आई, श्यामलाबाई, साखर वाटायला उठली.

तेवढ्यात वकीलसाहेब पाटावर जरा सैल झाले आणि म्हणाले, “मास्तर, तुमच्या ‘गो’ची कीर्ती आमच्या बाररूमपर्यंत आलीय. आमचे निम्मे ज्युनियर तुमचेच विद्यार्थी. होऊन जाऊ दे की थोडं!”

स्वयंपाकघराच्या दारात विमलाने कपाळाला हात लावला. पण आता काय उपयोग? मास्तर फुलले. ‘गो’चे अर्थ सुरू झाले. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा ‘वेंड’ नावाच्या भलत्याच घरातून दत्तक आणलाय, ही गंमत झाली. वकील माना डोलवत होते, वा वा म्हणत होते. मग मास्तर बोटीत शिरले आणि त्यांनी ‘म’ समुद्रात टाकला.

वकील हसले नाहीत. “क्षमा करा हं मास्तर,” ते म्हणाले, “इथे गोत्र चुकतंय. गम्‌वरून आला तो ‘कम’. ‘गो’ निराळ्या कुळातला. आपला ‘हा’ धातू आहे ना, जहाति, म्हणजे सोडतो, टाकून देतो, तो ‘गो’चा सख्खा भाऊ.”

“गम् म्हणजे जाणे,” मास्तर म्हणाले. “आणि ‘कम’ म्हणजे येणे. जाणाऱ्याच्या पोटी येणारा कसा जन्मेल?”

“जन्मलाय खरा. मी वाचलंय.”

“आणि मी शिकवलंय!”

आता हे दोघेही लहानपणी मठातल्या पाठशाळेत बसलेले. तिथे शास्त्री लोकांचा वाक्यार्थ चालायचा. एकाने पूर्वपक्ष मांडायचा, दुसऱ्याने तो फोडायचा, आणि हरेल त्याने भर सभेत हरलो म्हणून कबूल करायचं. तोवर कुणी जागचं उठायचं नाही. ते बाळकडू दोघांच्या अंगात इतकं मुरलेलं की आपण मुलीच्या बैठकीला जमलोय, समोर इंग्रजी क्रियापद आहे, ब्रह्मसूत्र नव्हे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मास्तरांनी मांडी ठोकली. वकिलांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. पूर्वपक्ष काय, सिद्धांत काय, अंबूताई तर सरळ आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. सरस्वतीबाई मधूनमधून “अहो, इरली बिडरी,” असं कानडीत म्हणत होत्या, राहू द्या हो, सोडा. कोण सोडतंय!

“तुम्हा वकिलांना काय, दोन्ही बाजू सारख्याच,” मास्तर म्हणाले.

“आणि तुम्हा मास्तरांना जन्मात कुणी उलटून बोललेलं नसतं,” वकील म्हणाले.

“मुलीची पत्रिका पाहिलीत, ठीक. माझ्या ‘गो’चं गोत्र बघायला कुणी बोलावलं होतं तुम्हाला?”

वकील उठले. टोपी घातली, उंबऱ्यापाशी गेले, वळले आणि म्हणाले, “जातो!”

अंबूताईंनी तोंडावर पदर घेतला. आपल्याकडे शत्रूच्या घरून निघतानासुद्धा माणूस ‘येतो’ म्हणतो. कानडीत तर ‘होगि बर्तीनि’, जाऊन येतो, असं परतीचं तिकीट काढूनच बोलायची रीत. ‘जातो’ म्हणायचं म्हणजे संबंध संपला, पुन्हा या दारात पाऊल नाही. आणि हे बोलणं कुठे, तर सोयरिकीच्या बैठकीत, मुलीसमोर, साखर वाटायच्या आधी! सरस्वतीबाई मागून घाईघाईने म्हणाल्या, “मी येते हं श्यामलाबाई. मी येते.” नारायणही काहीतरी पुटपुटला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून बाहेर पडला. पण ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं नव्हतं.

“माझ्या पोरीचं वाटोळं केलंत!” श्यामलाबाई नवऱ्यावर फुटल्या. “गेला तुमचा तो ‘गो’ खड्ड्यात!”

“खड्ड्यात जाणे,” मास्तर सवयीने म्हणाले, “हाही एक...” आणि बायकोचा चेहरा बघून गप्प बसले.

विमला रात्रभर रडली. सकाळी डोळे धुऊन कॉलेजात गेली, तर जिन्यापाशी नारायण उभा.

“उपाय आहे,” तो खाली बघून म्हणाला. “आमची अव्वा म्हणते, जातो म्हटलं गेलं तर माणसाने परत त्या घरात जायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि येतो म्हणून निघायचं. दोष जातो. पण अप्पा ऐकत नाहीत. म्हणतात, वाक्यार्थ अर्धा राहिलाय, मास्तरांनी कबूल केल्याशिवाय त्यांच्या घरचं पाणी घेणार नाही.”

“आणि आमचे अप्पा म्हणतात, आधी त्यांनी येतो म्हणावं, मग काय ते बोलू.”

“मी अप्पांना म्हटलं, दोन्ही धातू माझ्याकडे द्या, तापवून बघतो कुठला खरा ते.”

“मग?”

“कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत.”

विमलाला रडता रडता हसू आलं. मग तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. ती तडक लायब्ररीत गेली. शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड इंग्रजी कोश खालच्या कपाटात होता. तिने तो दोन्ही हातांनी टेबलावर चढवला आणि ‘गो’ काढला.

वकीलसाहेबांचं बरोबर होतं. चक्क बरोबर. ‘गो’ आणि आपला ‘हा’ धातू एका मुळातले, गम् आणि ‘कम’ एका मुळातले. कोशात ते इतकं कोरडेपणाने छापलं होतं, जसं काही त्यावरून कुणाचं लग्न अडलेलंच नाही. क्षणभर तिला आनंद झाला. चला, सुटलं! आणि लगेच तिला बोटीची गोष्ट सांगणारे अप्पा आठवले, वर्गाच्या आधी स्वतःच हसणारे. हे त्यांना सांगायचं कोणी? तिनेच. दुसरं होतं कोण?

संध्याकाळी तिने सांगितलं. मास्तर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. “मी स्वतः बघेन,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला सुट्टी टाकली. सबंध नोकरीत फक्त सुतकात टाकली असेल. कोट चढवून ते तिच्याबरोबर बसमध्ये बसले. लायब्ररीत त्यांनी तो मजकूर वाचला, चष्मा काढून वाचला, घालून वाचला. मग कोश मिटला आणि झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसा हळूच कपाटात ठेवला. विमला त्या पाठमोऱ्या कोटाकडे बघत राहिली. तिला वाटलं, नको ते लग्न, नको काही. पण तसं नव्हतं. लग्न हवंच होतं.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर म्हणाले, “वकिलाचं घर कुठे आलं?”

“माळमड्डीत. अप्पा, पण मी कशी येऊ? लग्नाआधी मुलीने सासरच्या घरी...”

“सासरचं घर व्हायला हवं असेल तर चल,” ते म्हणाले आणि चालायला लागले.

दार सरस्वतीबाईंनी उघडलं. त्यांना आधी मास्तर दिसले, मग मागे विमला दिसली, आणि त्यांच्या तोंडून “अय्यय्यो!” आणि “बर्री, बर्री!”, या, या, दोन्ही एकदमच निघालं. वकील माजघरात आरामखुर्चीत होते. मास्तरांना बघून ते सावरून बसले. दोन दिवस मनात मुद्दे घोटून ठेवलेले, डोळ्यांत एकदम तेज आलं. “या,” ते म्हणाले. “कुठपर्यंत आलो होतो आपण?”

मास्तर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या हात जोडून म्हणाले, “वकीलसाहेब, मी हरलो. ‘गो’ हा गम्‌चा नव्हे. तुमचं खरं.”

वकिलांचा चेहरा पडला. अहो, खरंच पडला! पंगतीत पान वाढून ठेवलं आणि कुणी पुढून ओढून नेलं, तसं त्यांचं झालं. “इतक्यात?” ते म्हणाले. “एकही आक्षेप नाही?”

“नाही. कोशात छापलंय.”

“कोशात छापलं म्हणजे काय ब्रह्मवाक्य झालं? मास्तर, असा पूर्वपक्ष सोडून कसं चालेल? प्रतिवादीच नाही तर जिंकलो कुणाला मी?” वकील उठून येरझारा घालू लागले. “बघा, तुमच्याही बाजूने बोलता येतं. अर्थ तर नेमका जुळतो ना? गम् म्हणजे जाणे, ‘गो’ म्हणजे जाणे. लोकांना काय वाटतं त्याला काही किंमत आहे की नाही?”

“लोकांना वाटतं ते चूक असतं,” मास्तर कडाडले. “मलाही इतकी वर्षं वाटतच होतं! वाटून मूळ ठरत नाही.”

“ठरत नाही कसं? मी म्हणतो ठरतं!”

“मग परवा काय म्हणत होतात?”

“परवा मी सिद्धांती होतो!”

आणि बघता बघता पुन्हा पेटलं. फरक एवढाच की आता मास्तर ‘हा’ धातूसाठी जीव टाकत होते आणि वकील गम्‌ची कड घेऊन टेबलावर मूठ आपटत होते. सरस्वतीबाई पाण्याचं तांब्याभांडं घेऊन मधेच खिळल्या. तेवढ्यात नारायण कॉलेजातून आला, सायकल हातात धरून दारात उभा राहिला आणि आत विमला बघून सायकल सोडून दिली. ती धाडकन पडली. तरी दोघं थांबले नाहीत.

“मास्तर, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही!” वकील ओरडले.

“मग आम्ही तरी कशाला थांबू? विमले, चल!” मास्तर वळले. त्यांच्या ओठांवर तोच शब्द येऊ घातला होता. ‘जा’ तर फुटलाच होता.

“अप्पा, थांबा!” विमला ओरडली.

आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. “बस झालं दोघांचं! ‘गो’ गम्‌चा असू दे, ‘हा’चा असू दे, नाहीतर धारवाडच्या बाजारातून उचललेला असू दे. मला नारायणरावांशी लग्न करायचंय. पत्रिका जुळली म्हणून नाही. मला ते आवडतात म्हणून. दोन वर्षं झाली, आवडतात. आता काय फोडायचा तो पूर्वपक्ष फोडा!”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि कुणासमोर. तिचे कान तापले. सत्तावन्न साली मुलीने सासऱ्यासमोर असं बोलायचं म्हणजे काय, हे आता सांगून पटायचं नाही. दारातून नारायण क्षीण आवाजात म्हणाला, “मलापण,” आणि सायकल उचलायला खाली वाकला.

वकील हळूहळू खुर्चीत बसले. त्यांनी विमलाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. “मास्तर,” ते म्हणाले, “ही मुलगी कुणाचं ऐकत नाही वाटतं?”

“माझं तर नाहीच,” मास्तर म्हणाले.

“मग आमच्या घरात खपेल. इथे कुणीच कुणाचं ऐकत नाही.” त्यांनी बायकोच्या हातातून भांडं घेतलं आणि मास्तरांपुढे धरलं. “घ्या, पाणी घ्या. आणि शुक्रवारी मी हुबळीला येतो. बसतो, पाणी पितो, उरलेलं उप्पीटही खातो. येतो म्हटलं हं मी. ऐकलंस ना सरस्वती?”

“सगळ्या माळमड्डीने ऐकलं,” सरस्वतीबाई म्हणाल्या, आणि कुंकवाचा करंडा आणायला आत धावल्या. बाहेर येऊन त्यांनी विमलाला कुंकू लावलं. लावता लावता त्या तिच्या कानात म्हणाल्या, “हे असं आधीच बोलायचं नाही का गं? दोन दिवस मला घास गेला नाही.”

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले. नवलूर गेलं, अमरगोळ गेलं. विमला खिडकीतून बाहेर बघत होती, आनंद लपत नव्हता तिचा. मास्तर मात्र पायाशी बघत होते. तिला वाटलं, बोटीची गोष्ट मेली त्याचं दुःख असेल. ती म्हणाली, “अप्पा, गोष्ट सांगत जा की तुम्ही पोरांना. शेवटी खरं काय ते सांगून टाकायचं.”

“गोष्टीचं काही नाही गं,” मास्तर म्हणाले. बाहेर उणकलचं तळं दिसायला लागलं. “गम् माझ्या ओळखीचा होता. पोरं शाळेतून जातात, दुसऱ्या दिवशी येतात. ‘हा’ म्हणजे टाकून जाणं. लायब्ररीत ते वाचलं ना, तेव्हा पहिलं मनात आलं ते तुझंच. वैशाखात तू जायचीस. इतके दिवस मी तारीख, मुहूर्त सगळं बोलत होतो, पण हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून भांडलो असेन मी, कुणास ठाऊक. मला तुला पाठवायचंच नाहीये, विमले.”

विमलाने त्यांचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, त्यानंतर आज.

“अप्पा, धारवाड आहे ते,” ती कशीबशी म्हणाली. “विलायत नाही. अर्ध्या तासाला बस आहे.”

मास्तरांनी विचार केला. “शेवटची किती वाजता असते?”

“साडेनऊला.”

“आणि माझी शाळा सुटते पाचला,” ते म्हणाले. “म्हणजे वकिलाशी चांगले तीन तास भांडता येईल. रोज.”

मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.